विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी केडगावच का निवडले?

संस्कृतच्या विद्वान म्हणून कलकत्त्यात गौरव, इंग्लंडमध्ये अध्यापन, अमेरिकेत व्याख्याने आणि आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे मात्र दौंड तालुक्यातील एका कोरडवाहू गावात, असा पंडिता रमाबाईंचा प्रवास आहे. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन आणि २३ एप्रिल ही जयंती. त्यानिमित्ताने त्यांच्या शिक्षणकार्याचा आणि केडगावच्या 'मुक्ती'चा हा आढावा.

केडगाव नेमके कुठे?

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत, खुटबाव ही स्थानके मागे पडली की केडगाव लागते. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याकडे येणारा रस्ताही याच परिसरातून जातो. आज या पट्ट्यात ऊस दिसतो. एकोणिसाव्या शतकात मात्र भीमा नदीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख, म्हणजे तेव्हाचे भीमथडी आणि शिरूर तालुके, पावसाच्या भरवशावर जगणारा होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या विरोधात उठाव केला आणि तो शिरूर, इंदापूर, पुरंदर, तसेच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून त्याची नोंद आहे. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला.

अशा भागात १८९०च्या दशकात रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. त्यांच्यासारख्या विदुषीने पुणे शहर सोडून इथे यावे, याचे उत्तर त्यांच्या बालपणापासून शोधावे लागते.

बालपण कसे गेले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले, तेव्हा सनातनी मंडळींचा रोष ओढवला. तरीही ते मागे हटले नाहीत. अरण्यात आश्रम बांधून त्यांनी अध्यापन चालू ठेवले. लक्ष्मीबाई शिकल्या आणि पुढे त्यांनीच धाकट्या रमेला शिकवले. आईकडून मुलीकडे संस्कृत विद्या जाणे ही त्या काळी जवळपास अशक्य कोटीतील गोष्ट होती. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

आश्रमाचा खर्च झेपेना, कर्ज वाढले. तेव्हा हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्री फिरू लागले. मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण होत होती. १८७०च्या दशकातील दुष्काळात हा आधारही तुटला. अन्नाविना दिवस काढत असताना वडील, आई आणि थोरली बहीण यांचा थोड्याथोडक्या अंतराने मृत्यू झाला. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. कष्टाचे काम कसे करावे हे कुटुंबात कुणालाच ठाऊक नव्हते आणि पाठांतरावर पोट भरत नव्हते. विद्या असूनही उपाशी राहावे लागते, हा अनुभव त्यांच्या पुढच्या सगळ्या शिक्षणविचाराच्या मुळाशी आहे.

'पंडिता' ही पदवी कशी मिळाली?

बहीणभाऊ हजारो मैल, बहुतांश पायी, फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांची तरुणी संस्कृतात अस्खलित बोलते आणि शास्त्रार्थ करते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास प्रवृत्त केले. बंगाल आणि आसामात फिरून रमाबाई स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देऊ लागल्या.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी विपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर, प्रांत निराळा, भाषा निराळी. त्यामुळे या विवाहाची मोठी चर्चा झाली. सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२च्या आरंभी विपिनबिहारींचे पटकीने निधन झाले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या. ज्या विधवांसाठी पुढे त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यातील एक आता त्या स्वतःच होत्या.

पुण्यात त्यांनी काय केले?

१८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी रमाबाईंनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला. स्त्रियांनी एकत्र यावे, वाचावे, बालविवाहासारख्या प्रथांवर बोलावे, हा त्यामागील हेतू होता. 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचे मराठी पुस्तकही त्याच वर्षी निघाले.

शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी १८८२ मध्येच साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षक तयार करावेत, त्यांना पुरुष शिक्षकांपेक्षा अधिक वेतन द्यावे, शाळा तपासणीसाठी स्त्रिया नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण खुले करावे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. पुरुष डॉक्टरला प्रकृती दाखवण्याची सोय नसल्याने असंख्य स्त्रिया उपचाराविना दगावतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता असे मानले जाते.

परदेशगमन आणि धर्मांतर कशासाठी?

स्वतः डॉक्टर व्हावे या इच्छेने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. मात्र श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडून द्यावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. तेथे निराश्रित स्त्रियांसाठी चालणारे काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या बाईलाही पुन्हा उभे करता येते, याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांनी संस्कृत शिकवले.

या धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांतील अनेकांनी पाठ फिरवली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. दुसरीकडे, रमाबाई चर्चच्या अधिकाऱ्यांचेही मुकाट्याने ऐकत नव्हत्या. धर्ममते स्वतः तपासून पाहण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्यावरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे वाद झाले. त्यांचा शाकाहार आणि साडीही अखेरपर्यंत कायम राहिली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तेथे उपस्थित होत्या. काही काळासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळपास तीन वर्षे राहिल्या. बालवाडीची, म्हणजे खेळातून शिकवण्याची पद्धत त्यांनी तेथे अभ्यासली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाजले. त्याच वर्षी बोस्टन येथे 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. भारतातील त्यांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक मदत करण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण सक्तीने दिले जाणार नाही, हे तत्त्वही ठरले.

'शारदा सदन' का वादात सापडले?

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठीची ही निवासी शाळा होती. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई या तरुण विधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्या कामाला वाहून घेणारी बाया कर्वे ही शारदा सदनाची विद्यार्थिनी होती, हे आवर्जून लक्षात ठेवायला हवे.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीत होती. मात्र रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसतात, ही बातमी बाहेर आली आणि वाद पेटला. 'केसरी'ने सदनावर कडाडून टीका केली. धार्मिक तटस्थतेच्या अटीवर आपण सोबत आलो होतो, ती अट पाळली जात नाही, अशी सल्लागारांची भूमिका होती. आपण कुणालाही सक्ती करत नाही, पण स्वतःच्या घरात दार बंद करून प्रार्थनाही करणार नाही, अशी रमाबाईंची. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

शाळा बंद पडली नाही. पण शहरातील प्रतिष्ठितांचा आधार गेला. शिवाय अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे कधीतरी संपणार होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहायची तर उत्पन्नाचे साधन हवे. म्हणून फळबागेसाठी जमीन घ्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा विचार पुढे आला. केडगावची जमीन त्यासाठी घेतली गेली. रेल्वेची सोय होती, जमीन मोकळी होती आणि पुणे फार दूर नव्हते. म्हणजे सुरुवातीला केडगाव ही निव्वळ शाळेची शेती होती. तिला गाव होण्याची वेळ आणली ती दुष्काळाने.

दुष्काळाने काय बदलले?

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आणि मदत छावण्यांच्या आसपास निराधार मुली व तरुण विधवा कशा लुबाडल्या जातात, हे त्यांनी पाहिले. वीस वर्षांपूर्वी आपण ज्या अवस्थेतून गेलो, त्याच अवस्थेतील मुली त्यांच्यासमोर होत्या. थोड्याच मुली आणण्याच्या विचाराने सुरू झालेले हे काम सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांपर्यंत पोहोचले.

याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला. शहरात नव्याने माणसे आणून ठेवण्यावर सरकारी बंधने आली. इतक्या जणींना ठेवायचे कुठे, या प्रश्नाला केडगाव हेच उत्तर होते. सुरुवातीला तंबू आणि तात्पुरत्या छपरांखाली मुक्काम पडला. विहिरी खोदल्या गेल्या, पक्क्या इमारती उठू लागल्या. 'मुक्ती सदन' असे या नव्या वसाहतीचे नाव ठेवण्यात आले. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. सरकारची नाराजी ओढवेल याची त्यांनी पर्वा केली नाही.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि पुन्हा शेकडो मुली केडगावला आल्या. १९००च्या सुमारास येथील रहिवाशांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली होती. शारदा सदनाचे दार प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी उघडले होते. केडगावात जात, प्रांत, भाषा यांपैकी काहीच विचारले जात नव्हते. शेतकरी, मजूर, अंत्यज मानल्या गेलेल्या जाती अशा सर्व थरांतील मुली एका पंगतीला बसू लागल्या. शंभर मुलींच्या शाळेपेक्षा हे काम फार वेगळे होते.

'मुक्ती'तील शिक्षण कसे होते?

आलेल्या बहुतेक मुली अशक्त, आजारी आणि निरक्षर होत्या. प्रथम औषधपाणी, अन्न आणि स्वच्छता; मग अक्षरओळख आणि त्याच्या जोडीला हाताचे काम, असा क्रम होता. शेती, गुरे व दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, स्वयंपाक, रुग्णसेवा यांतील काही ना काही प्रत्येकीला शिकावे लागे. ज्यांची बुद्धी पुस्तकात चाले, त्या शिक्षिका होत. जुन्या मुली नव्यांना शिकवत. एवढ्या मोठ्या वसाहतीसाठी बाहेरून शिक्षक आणणे शक्यच नव्हते. त्यामुळे येथे शिकलेली मुलगी काही वर्षांत शिकवणारी होई.

उपाशीपोटी पाठांतर काय कामाचे, हे रमाबाई लहानपणीच शिकल्या होत्या. त्यामुळे पुस्तक आणि पोट यांची सांगड हा त्यांच्या शाळेचा पाया होता. स्वतःची कमाई असलेली स्त्री कुणाच्या दयेवर राहत नाही, हे त्यांचे साधे गणित होते.

गरजा वेगवेगळ्या, म्हणून विभागही वेगळे झाले. फसवल्या गेलेल्या आणि घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन', वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी 'प्रीती सदन', मुलग्यांसाठी 'सदानंद सदन' आणि अंध स्त्रियांसाठी 'बार्तीमी सदन' होते. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम सुरू केले. ज्या मुलींकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, त्या वाचू लागल्या.

छापखाना हे केडगावचे आणखी एक वैशिष्ट्य. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे स्त्रियाच करत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. पंडितांच्या सभेत संस्कृतवर गाजलेल्या या विदुषीने आयुष्याची सुमारे अठरा वर्षे सोप्या मराठीसाठी दिली, हे विशेष.

धर्मप्रसाराच्या आक्षेपाचे काय?

केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. शारदा सदनाच्या काळातील तटस्थतेची अट येथे नव्हती. मुक्तीतील बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. अन्न आणि निवारा देणाऱ्या घरात उपाशी, पोरक्या मुलीने केलेली धर्माची निवड कितपत मोकळी म्हणायची, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो गैरलागू नाही. मात्र त्याच वेळी दुसरा प्रश्नही विचारायला हवा. या मुली जेव्हा रस्त्यावर होत्या, तेव्हा त्यांना उचलून आणायला किती जण गेले? रमाबाईंच्या कामाचे मूल्यमापन करताना दोन्ही प्रश्न समोर ठेवणे हाच प्रामाणिकपणा ठरतो.

या वादाची किंमत रमाबाईंनी मोजली. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ संकोचाने घेतले गेले. १९६० मध्ये देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिलेल्या चरित्राने आणि पुढे स्त्री-अभ्यासकांच्या संशोधनाने त्यांच्याकडे नव्याने लक्ष वेधले.

अखेरचा काळ आणि वारसा

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना 'कैसर-ई-हिंद' सुवर्णपदक दिले. तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती, ऐकू येणेही फार कमी झाले होते. संस्थेची सूत्रे मनोरमेकडे जातील अशी सर्वांचीच अपेक्षा होती. आईसोबत शाळा सांभाळणाऱ्या मनोरमेने गुलबर्गा येथेही शिक्षणकार्य उभे केले होते. परंतु जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती मुलगी असे सर्वजण रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेले. त्यानंतरही बायबलच्या भाषांतराचे उरलेले काम त्यांनी पूर्ण केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. हे भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले.

१९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांच्या स्मरणार्थ 'मेधावी' हे नाव देण्यात आले आहे. केडगावची मुक्ती मिशन ही संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करते.

दौंड आणि शिरूर परिसरातील अनेकांना मिशनचा आवार ओळखीचा असतो, पण त्यामागची गोष्ट क्वचितच माहीत असते. ऊस आणि कालव्यांच्या आधी या मातीत पाण्याची चणचण होती. त्या काळात कुठल्याशा मुलुखातून रेल्वेने आणलेल्या अनोळखी मुली येथे उतरल्या, वाचायला शिकल्या, कमवायला लागल्या आणि त्यांनी पुढच्या मुलींना शिकवले. संस्कृत पाठ असूनही उपाशी राहिलेल्या एका मुलीने दुष्काळातून घेतलेला धडा केडगावच्या शेतात शाळा होऊन उभा राहिला.